थिओडोराचं सोन्याचं नाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाण्यांवर बोलायची वेळ आली की एका नाण्याचं चित्र मी हटकून दाखवते. इ.स. ८४२-८४३ या काळात कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, टाकसाळीत पाडलेलं, बोटाच्या पेराएवढं, सोन्याचं. पुढच्या बाजूला एक बाई आहे आणि ती थेट आपल्याकडे बघते आहे. तिचं नाव थिओडोरा. अज्ञान मुलाच्या नावाने तिने बायझंटाईन साम्राज्याचा कारभार १४ वर्षं पाहिला. हे चित्र दाखवलं की लोक जे विचारतात ते इथे एकत्र लिहून काढलं आहे. काही प्रश्नांना दोन ओळी पुरल्या, काहींना पुरल्या नाहीत.

नाण्यावर नेमकं काय दिसतं?

पुढच्या बाजूला थिओडोराचा छातीपर्यंतचा, समोरून काढलेला मुखवटा आहे. डोक्यावर मुकुट, मुकुटावर क्रूस, दोन्ही कानांशी लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरी. अंगावर ‘लोरोस’ गुंडाळलेला. लोरोस म्हणजे रत्नजडित लांब पट्टा, आपल्या शेल्यासारखा, पण फार जड. नाण्यावर तो चौकटी-चौकटींचा दिसतो आणि प्रत्येक चौकटीत खड्यासाठी एक ठिपका असतो. एका हातात क्रूस असलेला गोल, दुसऱ्या हातात क्रूसाचा दंड. गोल म्हणजे जग, आणि ते तिच्या मुठीत.

आता नाणं उलटायचं. पुस्तकाचं पान उलटतो तसं उलटलंत तर मागचं चित्र उफराटं दिसेल. या नाण्यांचे दोन्ही ठसे एकमेकांशी डोकं-पाय असे बसवलेले असतात, म्हणून खालची कड वर आणायची. मग दोन मुखवटे दिसतात. डावीकडे लहान, बिनदाढीचा मिखाइल, म्हणजे प्रत्यक्ष सम्राट. उजवीकडे त्याच्याहून मोठी दिसणारी त्याची बहीण थेक्ला.

सम्राट मागच्या बाजूला, तोही बहिणीशेजारी आणि बहिणीपेक्षा लहान! मला या नाण्याने पकडून ठेवलं ते इथे.

ही इटलीतल्या रॅव्हेनाच्या मोझेकमधली (रंगीत तुकड्यांच्या भित्तिचित्रातली), सम्राट जस्टिनियनची बायको थिओडोरा का?

नाही. ती सहाव्या शतकातली, ही नवव्या शतकातली. मधे ३०० वर्षं गेली आहेत. गंमत अशी की जस्टिनियनची थिओडोरा एवढी गाजलेली असूनही तिचा मुखवटा एकाही नाण्यावर नाही. अकराव्या शतकात आणखी एक थिओडोरा झाली. ती १०५५-५६मध्ये स्वतःच्या हक्काने एकटी गादीवर होती आणि तिचीही सोन्याची नाणी आहेत. विक्रीच्या याद्यांमध्ये या तिघींची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे. आपल्या नाण्यावर मागे मिखाइल आणि थेक्ला आहेत, एवढी खूण पुरे.

गादीवर मुलगा होता, मग पुढच्या बाजूला आई कशी?

थिओडोराचा नवरा सम्राट थिओफिलोस २० जानेवारी ८४२ रोजी वारला. मिखाइलचा जन्म जानेवारी ८४०चा, म्हणजे पोर जेमतेम दोन वर्षांचं. मरणापूर्वी थिओफिलोसने आजारी अवस्थेत सभासदांना राजवाड्यात बोलावलं आणि बायको-मुलाला त्यांच्या ओटीत घातलं. कारभार थिओडोराकडे आला. मदतीला थिओक्टिस्टोस हा जुना, विश्वासू अधिकारी होता. तो नपुंसक होता, म्हणजे तिथल्या रिवाजाप्रमाणे स्वतः गादीवर बसू शकत नव्हता. अशा माणसाला कारभारी नेमण्यामागचं शहाणपण उघड आहे. तिचा भाऊ बार्दासही जवळ होता, पण त्याला फारशी सत्ता मिळाली नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

दोन वर्षांच्या मुलाच्या नावावर कर कोण भरणार, सैन्य कोणाच्या शब्दावर हलणार? पगार हातात पडला की शिपाई नाण्यावरचा चेहरा बघतो. हुकूम कोणाचा चालतो हे त्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. नाण्याने ते सांगितलं.

थेक्ला कशासाठी?

ती थोरली मुलगी. बापाच्या हयातीतच तिला ‘ऑगस्टा’ ही सम्राटाच्या घरातल्या स्त्रीला देण्याची पदवी मिळाली होती. थिओफिलोसच्या काळातल्या एका फार दुर्मीळ नाण्यावर तो, थिओडोरा आणि थेक्ला एका बाजूला आहेत, आणि ॲना व ॲनास्टॅशिया या धाकट्या मुली दुसऱ्या बाजूला. म्हणजे सोन्यावर अख्खं कुटुंब. तेव्हा मिखाइल जन्मला नव्हता, आणि त्याच्याआधीचा मुलगा कॉन्स्टंटाइन लहानपणीच गेला होता. नवं राज्य सुरू झालं तेव्हा घरात लहान मुलगा होता आणि त्याच्या मागे मुकुट मिळालेली मोठी बहीण होती. बालमृत्यू घरोघरी होण्याचे ते दिवस. मुलाला काही झालं तरी घराणं उघडं पडणार नाही, असं थेक्लाचा मुखवटा सांगत असावा. असं मला वाटतं.

तिच्या नावापुढे काय लिहिलं आहे?

‘थिओडोरा देस्पिना’. देस्पिना म्हणजे स्वामिनी, मालकीणबाई. ‘सम्राज्ञी’साठी ‘बासिलिसा’ हा वेगळा शब्द होता. तो तिने टाळला, आणि यामागे हिशोब आहे. तो पुढे तिच्याआधीची सम्राज्ञी आयरीनी हिच्याबद्दलच्या प्रश्नात येईल.

या दोन शब्दांची अक्षरं भिंगाखाली बघण्यासारखी आहेत. काही ग्रीक, काही रोमन. ‘प’ ग्रीक वळणाचा, ‘स’ रोमन वळणाचा, आणि ‘न’च्या जागी रोमन लिपीतल्या लहान ‘एच’सारखं दिसणारं चिन्ह. शिवाय ‘देस्पिना’मध्ये ग्रीक व्याकरणाप्रमाणे ‘ओ’ आणि ‘इ’ अशी दोन अक्षरं हवीत, तिथे एकच ‘उप्सिलॉन’ कोरलं आहे. कारण तोवर या दोन्हींचा उच्चार एक झाला होता. आपल्याकडे ‘ऋषी’ आणि ‘रुषी’ म्हणताना जीभ फरक करत नाही, तसंच. साडेअकराशे वर्षांपूर्वीचा ठसेकार कानाला जसं ऐकू आलं तसं लिहून गेला. मला राजकारणाइतकंच हेही मोलाचं वाटतं.

वजन किती, सोनं किती कसाचं?

या नाण्याला लॅटिनमध्ये ‘सॉलिडस’ आणि ग्रीकमध्ये ‘नोमिस्मा’ म्हणत. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट कॉन्स्टंटाइनने एका रोमन पौंडात ७२ नाणी असं प्रमाण ठरवलं. म्हणजे एकाचं वजन सुमारे साडेचार ग्रॅम, आपल्या जुन्या मापात साडेचार माशांच्या आसपास. थिओडोराच्या काळी ५०० वर्षं उलटून गेली होती आणि वजन जवळजवळ तेच होतं. सोनंही बावनकशीच्या जवळपास. पुढे अकराव्या शतकात मात्र त्यात भेसळ वाढत गेली.

एका नोमिस्माचे १२ चांदीचे मिलियारेसिया आणि २८८ तांब्याचे फोलिस होत. बाजारात भाजी घ्यायला कोणी सोनं नेत नसे. ते कर भरायला, पगाराला, खंडणीला, हुंड्याला.

वर्षभरातच नाणं बदललं, ते का?

हाच मुख्य प्रश्न, म्हणून इथे जरा बसून सांगते.

बायझंटाईन जगात तेव्हा प्रतिमांचा वाद पेटलेला होता. लाकडी फळीवर रंगवलेली ख्रिस्ताची, मेरीची, संतांची चित्रं पूजावीत की नाही? आठव्या शतकात सम्राटांनी ही पूजा बंद केली. ७८७च्या धर्मसभेने ती परत सुरू केली. ८१५मध्ये पुन्हा बंदी आली. थिओफिलोस कट्टर बंदीवाला होता. प्रतिमा मानणाऱ्या साधूंना त्याने फटके मारले, हद्दपार केलं. पॅलेस्टाइनहून आलेल्या दोन भावांच्या तर कपाळावर निषेधाच्या ओळी गोंदवल्या.

आणि त्याच राजवाड्यात त्याची बायको गुपचूप प्रतिमा पूजत होती, असं इतिवृत्तं सांगतात. गोष्ट फार घरगुती आहे. डेंडेरिस नावाचा दरबारचा विदूषक एकदा न सांगता तिच्या महालात शिरला, तेव्हा ती प्रतिमांना ओठ लावत होती. त्याने विचारलं, हे काय? ती म्हणाली, माझ्या बाहुल्या. हा गेला तो थेट जेवणाच्या पंगतीत, आणि सम्राटाला सांगून मोकळा झाला की आईसाहेब उशीखालून सुंदर बाहुल्या काढून खेळतात. थिओफिलोस खवळून आत आला. थिओडोराने डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, आम्ही आरशात बघत होतो आणि आमचीच रूपं त्या मूर्खाला बाहुल्या वाटली. मुलींनाही आजीकडे गेल्या की पेटीतल्या ‘बाहुल्या’ दाखवल्या जात. धाकट्या पुल्केरियाने ते बापाला बोबड्या बोलात सांगून टाकलं, आणि आजीकडे जाणं बंद झालं.

या गोष्टी नंतरच्या लेखकांनी सजवलेल्या आहेत हे मला मान्य आहे. तरी कुठलंही घर आठवून बघा. वडीलधाऱ्यांच्या विचाराविरुद्ध घरातल्या बायका देवाचं काहीतरी फडताळात जपून ठेवतात, हे कुणाला नवीन आहे?

नवरा गेल्यावर थिओडोरा साधारण वर्षभर थांबली. मग मार्च ८४३मध्ये बंदीच्या बाजूचे मुख्य धर्मगुरू जॉन यांना पायउतार केलं, त्यांच्या जागी मेथोडिओस आले, आणि ११ मार्चला, ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या पहिल्या रविवारी, प्रतिमा मिरवणुकीने परत चर्चमध्ये आल्या. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही तो रविवार पाळतात.

आणि नाणं? नव्या नाण्याच्या पुढच्या बाजूला येशू ख्रिस्ताचा मुखवटा आला. थिओडोरा मागे गेली, मिखाइलशेजारी, पूर्वी थेक्ला होती त्या जागी. थेक्ला तर नाण्यावरून गेलीच.

साम्राज्यातली सर्वांत मानाची जागा तिच्याकडे होती. सोन्याची पुढची बाजू. ती तिने सोडली आणि जिच्यासाठी इतकी वर्षं लपून राहिली त्या प्रतिमेला दिली. राजकारण त्यात होतंच. ख्रिस्त पुढे बसला की निर्णयाला विरोध करणाऱ्याला नाणं हातात धरणंही अवघड. पण मला यात श्रद्धाही दिसते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढायचा हट्ट मी करत नाही.

ख्रिस्ताचा चेहरा ठसेकाराने कुठून आणला?

दीडशे वर्षांपूर्वीच्या नाण्यावरून. सम्राट जस्टिनियन दुसरा याने आपल्या पहिल्या कारकिर्दीत, ६९२ ते ६९५च्या सुमारास, ख्रिस्ताला पहिल्यांदा नाण्याच्या पुढच्या बाजूला आणलं होतं. लांब केस, दाढी, डोक्यामागे क्रूस, आशीर्वादाचा उजवा हात, डाव्या हातात शुभवर्तमानाचा ग्रंथ. थिओडोराच्या नाण्यावर ही मांडणी जशीच्या तशी आहे. टाकसाळीत कोणीतरी जुनं नाणं समोर ठेवून नवा ठसा कोरला, याबद्दल मला शंका नाही. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत मोठमोठी चित्रं पुसली गेली, मोझेक खरवडले गेले, पण एवढंसं सोनं कुणाच्या तरी पेटीत टिकून राहिलं.

आणखी एक. हागिया सोफिया या राजधानीतल्या मुख्य चर्चच्या कमानीतली मेरीची मोझेक प्रतिमा उघडली ती २९ मार्च ८६७ रोजी, म्हणजे जवळजवळ २४ वर्षांनी. त्या चर्चच्या भिंतीवर प्रतिमा यायला पाव शतक लागलं. नाण्यावर ती ताबडतोब आली आणि पगाराबरोबर सीमेवरच्या छावणीपर्यंत पोचली.

मग नवऱ्याला तिने पाखंडी ठरवलं का?

ठरवू दिलं नाही, आणि इथे ती मला सर्वांत जास्त आवडते. प्रतिमांची बंदी उठवायची तर बंदी घालणाऱ्या सम्राटाला शाप द्यायला हवा होता. तिने अट घातली: माझ्या नवऱ्याचं नाव त्या यादीत येणार नाही. शेवटच्या क्षणी त्याने पश्चात्ताप करून प्रतिमेला ओठ लावले होते, असं तिने सांगितलं. धर्मगुरूंनी ते मान्य केलं. खरं काय ते त्या खोलीतल्या माणसांनाच ठाऊक. पण ती खोटं बोलली असेल, तर ते नवऱ्यासाठी आणि मुलाच्या गादीसाठी. बाप पाखंडी ठरला असता तर मुलाचा हक्कही डळमळला असता.

सोन्याच्या सफरचंदाची गोष्ट खरी का?

गोष्ट अशी. ८३०मध्ये थिओफिलोसची सावत्र आई युफ्रोसिनी हिने त्याच्यासाठी देशभरातून मुली बोलावल्या. निवडलेल्या मुलीला सोन्याचं सफरचंद द्यायचं. कासिया नावाच्या देखण्या, शिकलेल्या मुलीसमोर थांबून तो म्हणाला, बाईमुळेच वाईट आलं. त्याचा रोख हव्वेकडे होता. कासिया म्हणाली, आणि चांगलंही बाईमुळेच आलं. तिचा रोख मेरीकडे. सम्राटाला उत्तर झोंबलं, तो पुढे सरकला आणि सफरचंद थिओडोराला मिळालं.

लग्न ८३०मध्ये झालं हे नक्की. थिओडोरा आशिया मायनरमधल्या पाफ्लागोनियातली, लष्करी अधिकाऱ्याची मुलगी, हेही नक्की. कासिया ही खरोखरची कवयित्री-साध्वी, आणि तिचं पश्चात्तापाचं स्तोत्र ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात अजून गातात. सफरचंद मात्र गोष्टीतलं असावं. मला बोचतं ते वेगळंच. या कथेत थिओडोरा गप्प उभी राहणारी मुलगी आहे, दुसरीने तोंड उघडलं म्हणून निवडलेली. पुढे तिने काय केलं ते बघता ती गप्प असेल, पण मुकी नक्की नव्हती.

आयरीनी आणि थिओडोरा यांत फरक काय?

दोघी विधवा, दोघी मुलाच्या नावाने राज्य करणाऱ्या, दोघींनी प्रतिमा परत आणल्या. आयरीनीने ७८७मध्ये, थिओडोराने ८४३मध्ये. शिवाय नातंही आहे: थिओफिलोसची सावत्र आई युफ्रोसिनी ही आयरीनीची नात.

पण आयरीनीने ७९७मध्ये पोटच्या मुलाचे डोळे काढवले आणि एकटी गादीवर बसली. तिच्या त्या काळातल्या सोन्याच्या नाण्यावर दोन्ही बाजूंना तीच आहे, आणि लेखात ‘बासिलिसा’ आहे. छापा पडो की काटा, आयरीनीच. थिओडोराने ‘देस्पिना’वर थांबणं आणि मुलगा कायम नाण्यावर ठेवणं याचा अर्थ त्या पार्श्वभूमीवर कळतो. आयरीनी लोकांच्या आठवणीत ताजी होती. मी तशी नाही, हे थिओडोराला सांगायचं होतं. आणि ती तशी वागलीही नाही.

राज्य कसं केलं?

तिजोरीच्या बाबतीत उत्तम. सत्ता सोडताना तिने सभासदांना बोलावून खजिना दाखवला, असं इतिवृत्तात आहे: १,०९० केंतेनारिया सोनं आणि सुमारे ३,००० केंतेनारिया चांदी. एक केंतेनारियोन म्हणजे १०० पौंड. सोनं १,०९,००० पौंड झालं, म्हणजे ७८,४८,००० नाण्यांचं, आजच्या मापात ३५ टनांच्या आसपास. त्यातला मोठा वाटा नवऱ्याच्या वेळचा होता. तरी १४ वर्षं लढाया, पगार आणि दानधर्म करूनही तो घटला नाही, वाढला. घर चालवणाऱ्या बाईने चाव्या देताना डबे उघडून दाखवावेत, तसं तिने केलं.

युद्धात यश संमिश्र. क्रीटवरची मोहीम फसली. ८५३मध्ये आरमाराने इजिप्तच्या दामिएत्ता बंदरावर मात्र धाडसी छापा घातला.

काळी बाजू झाकून चालणार नाही. पूर्वेकडच्या पॉलिशियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर तिच्या राज्यात भयंकर अत्याचार झाले. एक लाख माणसं मारल्याचं इतिवृत्त सांगतं. आकडा फुगवलेला असेल, कत्तल फुगवलेली नाही. जिवंत राहिलेले अरबांच्या आश्रयाला गेले आणि पुढची कित्येक वर्षं साम्राज्याशी लढले. जिने स्वतः श्रद्धा लपवण्याचं दुःख भोगलं, तिच्याच राज्यात हे झालं. तिला संत म्हणणाऱ्यांनी हे वाचावं, आणि मीही तिच्याबद्दल प्रेमाने लिहिताना ते विसरू नये.

सत्ता कशी गेली? नाण्यावर ते दिसतं का?

अगदी स्वच्छ दिसतं. बार्दास आठवतो ना, बाजूला ठेवलेला भाऊ? मिखाइल पंधरा वर्षांचा झाला. आईने त्याला आवडती मुलगी सोडायला लावून दुसरीशी लग्न लावून दिलं होतं. त्याच्या मनातली ती सल बार्दासने ओळखली. २० नोव्हेंबर ८५५ रोजी थिओक्टिस्टोसचा राजवाड्यात खून झाला. मार्च ८५६मध्ये मिखाइलने कारभार स्वतःकडे घेतला.

त्यानंतरच्या सोन्याच्या नाण्यावर पुढे ख्रिस्त, मागे एकटा मिखाइल. आई नाही.

तीन नाणी एका ओळीत ठेवा. पहिल्यावर पुढे थिओडोरा. दुसऱ्यावर मागे, मुलाशेजारी, पण त्याच्यापेक्षा मोठी. तिसऱ्यावर गायब. इतिवृत्तं साधूंनी आणि नंतरच्या राजघराण्याच्या आश्रितांनी लिहिली. त्यांत तिची संत झाली आणि मिखाइलचा ‘दारुडा’ झाला. ही तीन नाणी मात्र ज्या त्या वर्षी, ज्याची सत्ता होती त्याच्या हुकमाने पाडलेली आहेत. म्हणून दोन साक्षींत फरक पडला तर मी आधी नाण्याकडे बघते.

अशी नाणी भारतात सापडतात का?

थिओडोराची नव्हे, पण तिच्याआधीच्या बायझंटाईन सम्राटांची सापडली आहेत. दक्षिण भारतात पाचव्या-सहाव्या शतकातले सॉलिडस बऱ्याच ठिकाणी मिळाले. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आळूरचा साठा प्रसिद्ध आहे. यांतल्या अनेक नाण्यांना वरच्या बाजूला दोन भोकं पाडलेली असतात. आपल्याकडे सोनं आलं की ते गळ्यात जाणार, हे तेव्हाही ठरलेलं होतं. सहाव्या शतकातल्या कॉस्मास या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने कल्याण बंदराचं नाव घेतलं आहे, आणि तिथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचंही लिहिलं आहे. पुढे अरब सत्ता मधे उभी राहिली आणि हे सोनं थेट येणं थांबलं. म्हणून नवव्या शतकातलं नाणं कोणी ‘कोकणात सापडलं’ म्हणून दाखवलं, तर मी आधी दहा प्रश्न विचारेन.

माझ्यासाठी एक धागा घरातला आहे. आजीच्या पुतळ्यांच्या माळेतल्या एकेका पुतळीवरून मी लहानपणी बोट फिरवत असे. उभ्या आकृत्या, कडेने ठिपके. त्या कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटला मराठीत पुतळी म्हणत, आणि माळेतला नमुना त्यावरून आला, हे फार उशिरा कळलं. नंतरच्या पुतळ्यांवर आपल्या सोनारांनी लक्ष्मी बसवली. मूळ डुकाटच्या एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. आणि व्हेनिसने नाण्यावर ख्रिस्त बसवणं शिकलं ते बायझंटाईन नाण्यांकडून. हे समजल्यावर मी ती माळ पुन्हा मागून घेतली आणि भिंग लावून बसले.

विकत मिळतं का? खरं-खोटं कसं ओळखायचं?

ख्रिस्त पुढे आणि थिओडोरा मागे असलेलं नाणं लिलावांत अधूनमधून येतं. थिओडोरा पुढे असलेलं फार दुर्मीळ आहे, कारण ते वर्षभरच पाडलं गेलं. खोटी नाणी पुष्कळ. मलाही एकदा एका विक्रेत्याने ओतीव नक्कल ‘अस्सल’ म्हणून दाखवली होती. अस्सल नाणं सोन्याची चकती दोन ठशांत धरून हातोड्याने ठोकून केलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार आणि मधली जमीन ताणलेली, चकचकीत दिसते. ओतीव नकलेची अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, जमिनीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे, कडेवर सांध्याची रेघ. वजन ४.४ ग्रॅमच्या आसपास हवं. पाण्यात तोलून घनता काढा: शुद्ध सोन्याची १९.३, त्याहून फार खाली आली तर नाणं खाली ठेवा.

भारतात १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. शेतात किंवा घराचा पाया खणताना सोनं सापडलं, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कृपा करून ते वितळवू नका.

नुसतं बघायचं असेल तर वॉशिंग्टनचं डंबार्टन ओक्स, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि बर्मिंगहॅमचं बार्बर इन्स्टिट्यूट यांचे बायझंटाईन नाण्यांचे संग्रह नावाजलेले आहेत.

शेवटी थिओडोराचं काय झालं?

सत्ता गेल्यावर दोनेक वर्षांत तिला मुलींसह राजवाड्याबाहेर काढून मठात पाठवलं. धर्मगुरू इग्नाटिओस यांनी त्यांना साध्वी करायला नकार दिला. ८५८मध्ये त्यांचं पद गेलं आणि फोटिओस आले. त्यातून रोमच्या पोपशी जो कलह उभा राहिला, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. ८६६मध्ये बार्दास मारला गेला. २४ सप्टेंबर ८६७ रोजी मिखाइललाही त्याचाच लाडका सहसम्राट बेसिल याच्या माणसांनी मारलं. तेव्हा थिओडोरा जिवंत होती. नवरा गेला, भाऊ गेला, मुलगा गेला, नवऱ्याचं घराणं संपलं, हे सगळं तिने पाहिलं. कॉन्स्टँटिनोपलमधल्या गास्त्रिया मठात तिला पुरलं.

ऑर्थोडॉक्स चर्चने तिला संत मानलं. ११ फेब्रुवारी हा तिचा दिवस. १४५३मध्ये तुर्कांनी शहर घेतल्यावर तिचे अवशेष ग्रीसच्या कॉर्फू बेटावर नेले, आणि आज ते तिथल्या कॅथेड्रलमध्ये चांदीच्या पेटीत आहेत. मोठ्या उपवासाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे तिने ८४३मध्ये प्रतिमा परत आणल्या त्या रविवारी, ती पेटी बाहेर काढून बेटावरच्या रस्त्यांतून मिरवतात.